दाखला कळला तर अभंग कळला

(दिंडीच्या शताब्दी वर्षाच्या वारीत वाल्हे मुक्कामी, हरिपाठ झाल्यावर केलेल्या बोलण्याचा हा मजकूर. जसे बोललो तसेच बहुतेक ठेवले आहे.)



दिवसभराच्या चालीने पाय बोलायला लागलेत, चुली पेटल्यात, म्हणून फार वेळ घेत नाही. हे कीर्तन नव्हे आणि प्रवचनही नव्हे. आम्ही काही पंडित नाही. टाळकऱ्यांच्या रांगेत उभे राहून जे ऐकले, फडावरच्या बुजुर्गांना विचारून जे कळले, तेवढेच चार शब्द सांगायचे आहेत. विषय जरा शाळेतला वाटेल. उपमा, रूपक, दृष्टांत, यमक असले शब्द येतील. पण हा विषय आज का काढला, ते आधी सांगतो.

दहा-बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. आपल्याच दिंडीत, आपल्याच गावचा एक पोरगा होता. सतरा-अठरा वर्षांचा असेल. आवाज खणखणीत, टाळ धरला की दोन कोस थकायचा नाही. एका मुक्कामी आपण असा अभंग घेतला, ज्यात संत विठोबाशी भांडतात, त्याला टाकून बोलतात. अभंग संपल्यावर पोराने सरळ विचारले, "देवाला असं घालूनपाडून बोललेलं चालतं का? घरी बापाला मी उलट बोललो तर मार खातो. मग हे आपण टाळ वाजवून कसं म्हणतो?"

आम्ही काय उत्तर दिले असेल? आम्ही म्हणालो, "गप बस. संतांच्या वाणीला प्रश्न विचारायचे नसतात. टाळ धर."

पोराने टाळ धरला. ती वारी पुरी केली. पुढच्या वर्षी तो आला नाही. त्याच्या पुढच्याही वर्षी नाही. गावात कुणीतरी त्याला विचारले तेव्हा म्हणाला, "तिथं नुसतं म्हणायचं असतं, कळायचं नसतं."

हे वाक्य आमच्या कानांवर आले तेव्हा आम्ही बुजुर्ग म्हणवणारे चार-पाच जण एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसलो. कारण खरी गोष्ट अशी होती माउली, की त्याच्या प्रश्नाचे उत्तर आम्हांलाच येत नव्हते. चाळीस-चाळीस वर्षे तो अभंग म्हणत होतो. चाल पाठ, चरण पाठ, पण संत असे का बोलले, ते ठाऊक नव्हते. आपले अज्ञान झाकायला आम्ही पोराला गप केले. दिंडीला शंभर वर्षे झाल्याचा आनंद आहेच. पण शंभर वर्षांच्या हिशोबात ही एक बाकीही मांडली पाहिजे.

तेव्हापासून आम्ही विचारत गेलो, शिकत गेलो. ते आज तुमच्यापुढे ठेवतो.

अलंकार म्हणजे पोहरा

शाळेत सांगतात, अलंकार म्हणजे भाषेचे दागिने. असतील. पण संतांनी दागिने मिरवायला बोलणे केलेले नाही. आम्हांला वाटते, संतांचा दृष्टांत म्हणजे विहिरीचा पोहरा. पाणी खोल आहे, आपला हात पुरत नाही, म्हणून पोहरा सोडायचा. आता कुणी पोहऱ्याचेच कौतुक करत काठावर बसला, वा काय घडवलाय म्हणाला आणि पाणी प्यालाच नाही, तर तहान कशी भागणार? आपले पुष्कळदा असेच होते. दाखला ऐकून मान डोलावतो आणि दाखल्यात भरून आलेले तसेच राहते.

उपमा आणि दृष्टांत

सगळ्यांत सोपी उपमा. आपल्या दिंडीचे विणेकरी भजनात खांबासारखे उभे असतात असे आपण म्हणतो. यात चार गोष्टी आहेत. ज्याच्याविषयी बोलायचे ते विणेकरी, त्याला उपमेय म्हणतात. ज्याच्याशी तुलना करायची तो खांब, त्याला उपमान म्हणतात. जोडणारा शब्द ‘सारखे’. आणि दोघांत सारखा असलेला गुण म्हणजे न हलणे.

यात सांभाळायची गोष्ट एकच. सारखा गुण तेवढा घ्यायचा, बाकीचे सोडायचे. विणेकरी खांबासारखे म्हणजे त्यांना कान नाहीत, भूक लागत नाही, असा अर्थ कुणी काढला तर विणेकरी आजच उपाशी राहतील! हसू नका माउली, अभंगांचे अर्थ काढताना आपण हीच चूक करतो.

ज्ञानोबारायांनी शके 1212 मध्ये, म्हणजे इसवी सन 1290 मध्ये, नेवाशाला ज्ञानेश्वरी सांगितली. गीतेचे श्लोक सातशे आणि माउलींच्या ओव्या नऊ हजार. एवढा विस्तार का झाला? पुष्कळसा दाखल्यांनी झाला. ‘जैसे’ म्हणून एक चित्र आपल्यापुढे ठेवायचे आणि ‘तैसे’ म्हणून मूळ गोष्टीवर आणून सोडायचे. ज्ञानेश्वरी वाचताना ‘जैसे’ दिसले की बोट तिथे ठेवावे आणि ‘तैसे’ येईपर्यंत उचलू नये. कारण ‘तैसे’ आल्याशिवाय पाणी वर आलेले नसते.

पहिल्याच अध्यायातला दाखला घ्या. भुंगा कोरडे लाकूडसुद्धा पोखरून आरपार जातो. पण तोच भुंगा कोवळ्या कमळाच्या कळीत अडकतो आणि पाकळी काही फाडत नाही. हा दाखला कशासाठी? अर्जुनासाठी. एवढा मोठा योद्धा, पण समोर आपली माणसे बघून त्याच्या हातातले धनुष्य गळाले. माया कठीण नसते, कोवळी असते, म्हणून तर ती तोडता येत नाही. आता आपल्या घराकडे बघा. शेताच्या बांधावरून सख्ख्या भावाशी कोर्टात लढणारा माणूस नातवाने गळ्यात हात टाकला की विरघळतो. माउलींनी आपल्यालाच पाहून लिहिले की काय, असे वाटते.

दुसऱ्या अध्यायात दिव्याचा दाखला आहे. दिव्याची ज्योत इवलीशी असते, पण उजेड केवढा पाडते. तशी चांगली बुद्धी थोडीच असली तरी तिला कमी समजू नये. जो म्हणतो, मला लिहितावाचता येत नाही, मला काय कळणार, त्याच्यासाठी हा दाखला आहे.

रूपक : आपापल्या धंद्याचे शब्द

उपमेतला ‘सारखा’ हा शब्द काढून टाका, की रूपक होते. विणेकरी खांबासारखे, ही उपमा. विणेकरी म्हणजे दिंडीचा खांबच, हे रूपक. दोन गोष्टी वेगळ्या राहतच नाहीत.

रूपक शिकायचे असेल तर आपल्या संतांच्या धंद्याकडे बघा. सेना महाराज न्हावी. त्यांच्या एका अभंगात सगळी धोपटी उघडलेली आहे. विवेकाचा आरसा ते समोर धरतात, वैराग्याचा चिमटा चालवतात, शांतीचे पाणी डोक्यावर चोळतात, अहंकाराची शेंडी पिळतात, काम आणि क्रोध नखांसारखे काढून टाकतात. एकच रूपक, पण पहिल्या हत्यारापासून शेवटच्या नखापर्यंत पुरे केलेले. शास्त्रात याला सांगरूपक म्हणतात, म्हणजे सगळ्या अंगांसकट आलेले रूपक.

नरहरी महाराज पंढरपूरचे सोनार. देह त्यांची शेगडी, आतले नाम हे सोने, तीन गुणांची मूस, विवेकाचा हातोडा. सावता महाराज अरणचे माळी. त्यांना कांद्यात, मुळ्यात, भाजीतच विठाई दिसते. गोरोबाकाका तेरचे कुंभार. त्यांची तर कथाच रूपक आहे. थापटण्याने संतांची डोकी वाजवून पाहिली आणि नामदेवांना म्हणाले, हे मडके अजून कच्चे आहे.

आता विचार करा. या मंडळींना शब्दांसाठी कुठे दूर जावे लागले का? नाही. जे हातात होते तेच उचलले. शेगडी, चिमटा, मडके, मुळा. याचा अर्थ आपल्याही हातातले अवजार परमार्थाचा दाखला होऊ शकते. आपल्या दिंडीत ट्रॅक्टर चालवणारे आहेत, शिवणकाम करणाऱ्या आयाबाया आहेत, वायरमन आहेत. फ्यूज उडाला तर सगळे घर अंधारात जाते, तसा एक राग उडाला तर केलेले सगळे भजन अंधारात जाते, असे आपल्यातलाच एक वायरमन एकदा चालता चालता म्हणाला. त्याला रूपक हा शब्द माहीत नव्हता. उपमा कशाला म्हणतात हेही माहीत नव्हते. पण वाट संतांचीच धरली होती.

चोखोबांचा ऊस

आता जे सांगतो ते जरा जड आहे.

चोखोबारायांचा ऊसाचा दाखला आपण सगळेच म्हणतो. ऊस वरून वेडावाकडा असतो, पण त्याचा रस वाकडा नसतो. धनुष्य वाकते, बाण सरळ जातो. नदी वळणे घेते, पाण्याला वाकडेपणा नाही. तसाच चोखा बाहेरून कसाही दिसो, त्याचा भाव वाकडा नाही. मग वरच्या रंगाला का भुलता? एका अर्थासाठी एकामागून एक दाखले दिले आहेत. एक नाही पटला तर दुसरा, दुसरा नाही तर तिसरा. ज्याचे म्हणणे कुणी ऐकत नाही, तोच असा पुन्हा पुन्हा समजावतो.

हे चोखोबा मंगळवेढ्याचे. जातीने महार म्हणून त्यांना पांडुरंगाच्या देवळात पाऊल टाकता आले नाही. शके 1260 मध्ये, म्हणजे 1338 साली, मंगळवेढ्याला गावकुसाचे काम करताना भिंत कोसळली आणि त्यात ते गेले. परंपरा सांगते की नामदेवरायांनी त्यांच्या अस्थी आणल्या आणि महाद्वारासमोर समाधी दिली. देह गेल्यावरही ते दारापर्यंतच आले.

त्यानंतर आपण काय केले? तो अभंग पाठ केला. गोड चाल लावली. पखवाजाच्या ठेक्यावर पिढ्यान् पिढ्या म्हटला. आणि चोखोबांच्या जातीच्या माणसाला देवळाच्या दाराबाहेरच उभे ठेवले. 1947 च्या मे महिन्यात साने गुरुजींनी पंढरपुरात प्राणांतिक उपोषण केले, तेव्हा कुठे ते दार सगळ्यांना उघडले. 1338 ते 1947. हिशोब करा माउली. सहाशे नऊ वर्षे.

सहाशे वर्षे आपण उसाचे कौतुक केले आणि रस बाहेर ठेवला. दाखला न कळणे म्हणजे काय, ते यावरून कळावे. व्याकरण चुकल्याने कुणाचे वाईट होत नाही. पण दृष्टांत ऐकून ‘तैसे’ आपल्या वागण्यापर्यंत आलेच नाही, तर माणसे दाराबाहेर राहतात. आजही पंगतीला बसताना, पाण्याच्या टँकरपाशी, तंबूत जागा देताना, हा अभंग आठवला तर तो कळला असे म्हणावे.

भारूड : हसता हसता

काल जेजुरीला आपण वाघ्या-मुरळी पाहिले. नाथ महाराजांनी वाघ्याच्या तोंडूनही भारूड रचले आहे. नाथ पैठणचे ब्राह्मण. पण भारुडात ते वासुदेव होतात, जोशी होतात, महार होतात, आंधळे, मुके, पांगळे होतात. भारूड म्हणजे आख्खेच्या आख्खे रूपक. वर एक सोंग आणि आत वेगळाच अर्थ.

विंचवाचे भारूड घ्या. सोंगाडी ठो ठो बोंबलतो, पोरे हसून लोळतात. पण तो विंचू म्हणजे काम आणि क्रोध. त्याचा उतारा कुठला, तर तमोगुण मागे सारायचा आणि सत्त्वगुण लावायचा. हसू आले ते चांगलेच, नाथांना ते हवेच होते. पण हसून झाल्यावर स्वतःच्या अंगावर विंचू चढलाय का, तेवढे पाहावे.

दुसरे भारूड देवीला साकडे घालणाऱ्या बाईचे. ती सासरा, सासू, जाऊ, नणंद अशा एकेकाला घेऊन जायला सांगते आणि शेवटी नवऱ्यालाही सोडत नाही. एकदा हे भारूड आपल्या मुक्कामी झाले. सगळे हसले, आणि एक म्हातारे गृहस्थ रागावून उठले. म्हणाले, "हे आमच्या सुनांना शिकवता होय?" त्यांची चूक नव्हती. त्यांनी वरचे सोंग खरे धरले. कीर्तनकार सांगतात, हे सासर म्हणजे आपल्या जिवाला धरून बसलेला प्रपंच, त्यातले विकार, त्यातली मी-माझे ही ओढ. ती सुटावी आणि जीव देवापाशी मोकळा व्हावा, एवढेच मागणे आहे. पण हेही खरे, की नाथांनी सुनेचा जाच जवळून पाहिला असल्याशिवाय हा दाखला सुचला नसता. आयाबाया त्या ठिकाणी इतरांपेक्षा जरा जास्त हसतात, ते उगाच नव्हे. दाखल्याचे वरचे अंगही खरे असते, म्हणून तर आतले अंग पटते.

बोलणारे कोण आहे?

विराणी आणि गौळण ऐकताना एक प्रश्न आधी विचारावा : हे कोण बोलते आहे? माउलींच्या एका विराणीत एक बाई अंगणात उभी आहे. कावळा ओरडतो आहे. म्हणजे पाहुणा येणार. ती कावळ्याला लालूच दाखवते, खाऊ देईन, पाय सोन्याने मढवीन म्हणते, पण माझा पंढरीराय कधी घरी येईल ते सांग. आता बोलणारी बाई आहे आणि रचणारे ज्ञानदेव आहेत. संतांनी आपले मन तिच्या जागी ठेवले. परगावी गेलेल्या माणसाची वाट बघणारी बाई जशी दर आवाजाला दाराकडे धावते, तशी देवाची वाट बघावी. नवरा मुंबईला गिरणीत, ही गावाकडे, असे दिवस काढलेल्या आज्या आपल्या दिंडीत चालल्या आहेत. त्यांना विराणीचा अर्थ कुणी शिकवावा लागला नाही. त्यांनीच तो आम्हांला शिकवला.

गौळणींतही तसेच. यशोदेकडे कृष्णाच्या चोरीची तक्रार करणारी गवळण खरोखर तक्रार करते का? तिला तो पुन्हा घरात यायला हवाच असतो.

भांडण की माया?

आणि आता त्या पोराच्या प्रश्नाकडे येतो.

नामदेव विठोबाशी भांडतात. जनाबाई त्याला शिव्या घालते. तुकोबा त्याला खडे बोल सुनावतात, तू कसला देव म्हणून हिशोब मागतात. याला निंदास्तुती म्हणतात. शब्द निंदेचे आणि भाव जवळिकीचा. परक्या माणसाला आपण काय म्हणतो? "या साहेब, बसा साहेब." आणि जिवाभावाचा माणूस चार महिन्यांनी दारात आला तर आई म्हणते, "मेल्या, आता आठवण झाली होय रे?" ती शिवी आहे का? त्या एका ‘मेल्या’त चार महिन्यांची वाट बघणे आहे.

देवाला अहो-जाहो करणारे पुष्कळ आहेत. वारकऱ्याचा विठोबा ‘अरे’ आहे, ‘विठ्या’ आहे, माउली आहे. भांडता येते ते हक्काच्या माणसाशी. जनाबाई दासी होती, तिचे ऐकायला दुसरे कोण होते? दळणकांडणाच्या कष्टात तिने एकाला आपला मानले आणि त्याच्यावर रागावण्याचा हक्क घेतला. हा हक्क देवाने दिला आणि संतांनी घेतला.

तेव्हा त्या पोराला एवढेच सांगायचे होते : "तू बापाला उलट बोलतोस तेव्हा आत राग असतो. संत बोलतात तेव्हा आत माया असते. शब्द तेच, आतला भाव वेगळा. आणि बापाशी तुझं जे भांडण होतं, त्यातही थोडी माया असतेच की रे." चार वाक्ये. चार वाक्यांसाठी आपला एक टाळकरी गेला.

उलटे बोलणे

काही अभंग मुद्दाम उलटे असतात. त्यांना कूट म्हणतात. मुक्ताबाईंच्या नावावरचा मुंगीचा अभंग तुम्हांला ठाऊक आहे. मुंगी आकाशात उडते आणि सूर्याला गिळते. वांझेला मुलगा होतो. आता हे घडेल का? घडणार नाही, हे मुक्ताबाईंनाही ठाऊक होते. म्हणूनच असे रचले, की ऐकणारा थबकावा. सरळ सांगितले असते तर आपण हो हो करून पुढे गेलो असतो. कीर्तनकार उलगडून सांगतात, की मुंगीसारखी बारीक, नम्र झालेली वृत्ती केवढ्याही मोठ्या तेजाला आपल्यात सामावून घेते. दुसरे कुणी थोडा वेगळा अर्थ सांगतील. कूटाचा अर्थ एकच असला पाहिजे असे नाही. पण कूटाला चमत्कार समजून हात जोडले आणि विचार सोडला, तर ते रचल्याचा उपयोगच राहिला नाही.

यमक आणि चरण

आता थोडे नादाविषयी. मोठ्या अभंगाचे चार चरण असतात. पहिल्या तिघांत सहा-सहा अक्षरे, चौथ्यात चार. दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणाचे यमक जुळते. लहान अभंगात आठ-आठ अक्षरांचे दोन चरण आणि शेवटी यमक. ओवीला साडेतीन चरण म्हणतात, पहिल्या तिघांचे यमक जुळते आणि चौथा आखूड असतो. ऱ्हस्व-दीर्घाच्या मात्रा मोजायची गरज नाही, अक्षरे बोटांवर मोजावीत. आज रात्री झोपताना एक अभंग बोटांवर मोजून बघा. कुठे अक्षर कमी-जास्त झाले तर चालीत ओढून किंवा उरकून आपण ते बसवतोच.

हे कशासाठी? लक्षात राहावे म्हणून. यमक म्हणजे आठवणीची गाठ. परंपरा सांगते की तुकोबांच्या वह्या इंद्रायणीत बुडवल्या आणि तेरा दिवसांनी वर आल्या. पण वह्या वर येण्याआधीही अभंग लोकांच्या तोंडी होतेच. ज्यांना अक्षर येत नव्हते, त्या आयाबायांनी जात्यावर बसून ते राखले. यमक नसते तर ते राहिले असते का? ध्रुवपदाचेही तसेच. मुक्ताबाईंच्या ताटीच्या अभंगांत दार उघडण्याची तीच विनवणी पुन्हा पुन्हा येते. एकदा सांगून रुसलेला माणूस दार उघडत नाही, हे घरात भावंडे असलेल्या कुणालाही ठाऊक आहे.

आणि शेवटच्या चरणातली नाममुद्रा. ‘तुका म्हणे’ आले की टाळकरी सैल पडतो, आता अभंग संपला म्हणून. खरे तर तिथेच कान टवकारावा. तिथे संत स्वतः पुढे येऊन आपले म्हणणे सांगतात. नाथांच्या मुद्रेत जनार्दन स्वामी आहेत, म्हणजे गुरूचे नाव आपल्या नावाला जोडले आहे. जनाबाई स्वतःला नामयाची म्हणवते. सही करतानाही ‘मी’ एकटा नाही, हे सांगायची ही रीत आहे.

चार प्रश्न

तर माउली, सगळे विसरलात तरी चालेल, चार प्रश्न ध्यानात ठेवा. अभंग म्हणताना मनात विचारा : बोलतंय कोण? कुणाशी बोलतंय? कशाला कशासारखं म्हटलंय? आणि चौथा : मग मी काय करायचं? पहिले तीन प्रश्न शाळेतले. चौथा वारीतला. चौथ्याचे उत्तर दिल्याशिवाय पहिल्या तिघांचा उपयोग नाही, आणि पहिले तीन विचारले नाहीत तर चौथ्याचे उत्तर चुकीचे येते.

तो पोरगा अजून आलेला नाही. त्याची आई येते. या वर्षीही ती तुळस डोक्यावर घेऊन आपल्याबरोबर चालते आहे. मागच्या वारीत आम्ही तिच्याकडे निरोप दिला होता, की तुझ्या पोराच्या प्रश्नाचे उत्तर आम्हांला सापडलेय, ऐकायला तरी ये म्हणावे. तिने निरोप दिला. तो काही बोलला नाही म्हणे. येईल न येईल. त्याची टाळकऱ्यांच्या रांगेतली जागा आम्ही कुणाला दिलेली नाही.

पण तुमच्यातले कुणी पोर उद्या दिवसभराच्या चालीत विचारील, की मुंगी सूर्य कशी गिळते, देवाला शिव्या का घालायच्या, बाई नवऱ्याला घेऊन जा का म्हणते. तेव्हा त्याला गप बस म्हणू नका. येत असेल तर सांगा. येत नसेल तर म्हणा, "मलाही माहीत नाही रे, चल, आपण विचारू." एवढे केले तर दिंडीच्या दुसऱ्या शंभर वर्षांची सुरुवात चांगली झाली असे म्हणू.

बोलण्यात काही चुकले असेल तर पदरात घ्या. आता जेवायला चला.

पुंडलिक वरदा हरि विठ्ठल. रामकृष्णहरी.